पोपटांचा पाळणा

११ जुलै १९४८

माहेरी जायचं रद्द. मामंजी कचेरीतून आले, शेरवानीची बटणं काढता काढताच म्हणाले, “सूनबाईंचं बाळंतपण आता इथंच करायचं. रस्त्यांचा भरवसा नाही.” सासूबाई नुसतं हं म्हणाल्या. मी पोळी लाटत होते. लाटत राहिले.

आणि माहेर तरी कुठं आहे! वैशाखात रझाकारांनी गाव जाळलं त्यात आमचंही घर गेलं. आई-बाबा सरहद्दीपलीकडे, बार्शीला मावशीकडे. हे सगळं मला धडा पाठ असावा तसं म्हणता येतं. म्हटलं तरी आत काही हलत नाही.

१५ जुलै

ह्यांची वाचायची खोली बाळासाठी करायची ठरली. माझी बाज तिथंच, पाळणाही तिथंच. कायद्याची पुस्तकं पोत्यात भरली. टेबल माडीवर गेलं.

हे फाल्गुनात गेले. वकिली टाकून सरहद्दीवरच्या कॅम्पात! जाताना म्हणाले, “बाळ स्वतंत्र मुलखात जन्मेल, बघ.” तेव्हापासून खबर नाही. सासूबाई पोत्याचं तोंड बांधत म्हणाल्या, “भगवंता आला की लावील पुन्हा.” येईल, असं घरात सगळे म्हणतात. मीही म्हणते.

२१ जुलै

आमच्या घरकामाच्या भामाबाईंनी चुन्यात नीळ कालवून भिंतींना दोन हात दिले. खोली एकदम थंड दिसायला लागली. सासूबाईंनी विचारलं, “आवडलं का गं?” हो म्हटलं. आवडलं की नाही ते मला कळलंच नाही.

संध्याकाळी शेजारच्या हमीदाआपा येऊन गेल्या. इतकी वर्षं दवाखान्यात सुईण होत्या. आमच्या नल्लकुंट्यातली निम्मी पोरं त्यांच्याच हातची. पोट चाचपून म्हणाल्या, “सब ठीक है. मगर तू हंसती कायकू नै गे? बच्चा अंदर से सब सुनता.” मी हसून दाखवलं. “ऐसा नक्को,” म्हणाल्या.

८ ऑगस्ट

जुन्या नऊवारीची दुपटी झाली. कुंची झाली. तिला लाल गोंडा लावला.

१५ ऑगस्ट

पलीकडे झेंडे लागले असतील. इथं सगळ्यांची दारं बंद. मी टोपडी शिवली.

२ सप्टेंबर

आबिड्सच्या बाजारातून मामंजींनी खिडकीला पडद्याचं कापड आणलं. पिवळं, बारीक फुलांचं. मी स्टुलावर चढून पडदा लावत होते तेवढ्यात खालून रझाकारांची फेरी गेली. भाले, बूट, घोषणा. एकानं वर पाहिलं. अगदी कोवळा चेहरा. मी पडदा ओढून घेतला आणि मग कड सरळ आली का ते बघितलं.

मामंजी खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसले होते. उलटं.

१४ सप्टेंबर

हिंदुस्थानची फौज आत शिरली. विमानं घिरट्या घालतात. सासूबाई देवापुढून उठत नाहीत. पोटात बाळ फार लाथा मारतं — तेवढंच काय ते घरात जिवंत.

१७ सप्टेंबर

संपलं! रेडिओवर सांगितलं, निजामाची फौज शरण गेली. गल्लीत आरोळ्या. मामंजी शेरवानीनं डोळे पुसत होते. सासूबाईंनी माझ्या तोंडात साखर घातली. गोड लागली.

हमीदाआपांच्या घराच्या खिडक्या बंद. संध्याकाळी दिवासुद्धा नाही.

२६ सप्टेंबर

हे आले.

दाढी वाढलेली, अंगावर खाकी, दंडाला जखमेचा व्रण. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला. मी पायांवर पाणी घातलं. माझ्या पोटाकडे बघून हे रडले. मीही रडावं असं सगळ्यांना वाटत होतं. मी वाट बघितली, पण आलं नाही.

जेवताना कॅम्पातल्या गोष्टी. सोबतचे तिघं मेले. एकाला ह्यांनीच खांद्यावर आणलं, वाटेत गेला. हे सांगताना भाताचं शीत मिशीला तसंच राहिलं.

निळी खोली बघून म्हणाले, “सगळं आहे. पाळणाच नाही.” सासूबाई म्हणाल्या, “आणू की.” हे म्हणाले, “आणलाय मी. मागून येतोय.”

३ ऑक्टोबर

लॉरीतून पाळणा आला. इतका सुंदर पाळणा मी पाहिला नव्हता! शिसवी, चारी खांबांवर रंगीत पोपट, पितळी कड्या, साखळ्या. सगळी गल्ली बघायला आली. सासूबाईंनी आधी दृष्ट काढली ती पाळण्याची.

“कुठून घेतलात?” मी विचारलं.

“बीदरकडच्या एका गावातून. घर रिकामंच होतं. कुणीतरी जाळणारच होतं. मी वाचवला.”

४ ऑक्टोबर

मी पाळण्याला तेलाचा हात देत होते. आतल्या बाजूला, डोक्याशी, सुरीनं कोरलेली अक्षरं दिसली. उर्दू. शाळेत आठवीपर्यंत उर्दूच शिकले, तेव्हा आपोआपच वाचलं गेलं. अख्तर. त्याखाली वेगळ्या हातानं सुलेमान. त्याखाली जेबा. जेबा नवीन होतं, अजून लाकूड तिथं पांढरं.

साखळीत काळ्या दोऱ्याचा ताईत अडकलेला.

ह्यांना दाखवलं. ह्यांचा आवाज चढला. “त्यांनी तुझ्या बापाचं घर जाळलं! विसरलीस?”

“जेबानं?”

हे उठून बाहेर गेले.

सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, “लाकडाला कसली आलीय जात? रंग दे वरून. आणि हमीदाच्या दृष्टीस पडू देऊ नकोस.”

५ ऑक्टोबर

भिंतीचाच उरलेला निळा रंग. मीच दिला. आधी जेबा बुजवली, मग सुलेमान, मग अख्तर. हात अजिबात कापला नाही. ताईत काढून कोनाड्यात ठेवला.

९ ऑक्टोबर

हमीदाआपा आल्या. फौज आल्यापासून पहिल्यांदाच. बुरख्यात एकदम लहान दिसल्या. त्यांचा भाऊ उस्मानाबादेकडे, बायकापोरांसकट. काहीच खबर नाही.

सासूबाईंनी पाळण्यावर दुपटं टाकलं होतं. आपांनी मला बाजेवर निजवलं, आधाराला म्हणून पाळण्याची कड धरली आणि दुपटं सरकलं. रंग पातळच होता. वाळल्यावर अक्षरं वर आली होती.

आपांनी वाचलं. बोट फिरवून, एकेक. “अख्तर. सुलेमान. जेबा.”

मग हात धुतले, पोट तपासलं. “नीचे आ गया बच्चा. पंधरा दिन भी नै.” दाराशी थांबून म्हणाल्या, “अच्छा झूला है.”

मी दुपटं पुन्हा वर ओढलं.

२१ ऑक्टोबर

मुलगी झाली. परवा.

कळा सुरू झाल्या तेव्हा सासूबाई ओरडल्या, “हमीदाला बोलव!” हे अंगणात उभेच. “मी कोणत्या तोंडानं जाऊ?” शेवटी मामंजी अनवाणी गेले. येतील असं मला वाटलं नव्हतं. आपा आल्या, बाह्या वर करतच.

नाळेचा फास गळ्याला होता. बाळ निळं, गप्प. आपांनी फास सोडवला, पाठीवर थापट्या दिल्या, तोंडात फुंकर घातली. “रो गे माँ, रो. तेरी अम्मा नै रोती, तू तो रो.”

रडली.

आपांनी तिला पुसून माझ्या कुशीत ठेवलं. पाळणा हाताच्या अंतरावर होता. तिकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

३० ऑक्टोबर

बारसं. गल्लीतल्या सगळ्या बायका. पोपटांच्या गळ्यात झेंडूच्या माळा. सासूबाईंनी हात पुढे केले, “आण तिला, घाल पाळण्यात.”

मी म्हटलं, “नाही घालणार.”

हे शब्द माझ्या तोंडून निघाले तेव्हाच मला कळले. सासूबाईंनी हळूच माझा दंड चिमटला. मी बाळाला घट्ट धरून बसले. शेवटी मांडीवरच नाव ठेवलं. जयवंता. ह्यांनी आधीच ठरवलेलं, विजय झाला म्हणून.

बायका गेल्यावर हे खोलीत आले. दाराशी बसले, जमिनीवर.

“घर रिकामं नव्हतं.”

मी जयवंताला पाजत होते.

“एक म्हातारी होती. बाकीचे पळाले की... मला माहीत नाही. तिनं पाळण्याचा खांब धरून ठेवला होता. बोलत काहीच नव्हती. दोघंतिघं हसत होते. मी तिची बोटं सोडवली. एकेक. मीच.” मग म्हणाले, “मारलं नाही तिला. खरंच नाही मारलं.”

“नंतर?”

“नंतर आम्ही निघालो. मागं धूर दिसत होता.”

“तिच्या घरातून?”

“मी वळून बघितलं नाही गं.”

दिवाळी आलीय. बाहेर पोरं फटाके वाजवताहेत. प्रत्येक आवाजाला हे दचकत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता का? माझे दोन्ही हात बाळाखाली होते.

१४ नोव्हेंबर

हमीदाआपांचा भाऊ मारला गेला. वहिनी आणि मुलं सापडली, इकडे येताहेत. मामंजी भेटून आले. आले आणि शेरवानी न काढताच बसून राहिले.

१६ नोव्हेंबर

ह्यांना म्हटलं, पाळणा परत करायचा.

“कुणाला? गाव ओस पडलंय.”

“जाऊन बघू.”

“मला ओळखतात तिथं.”

सासूबाई मध्ये पडल्या. “पोर झोळीत निजतेय, निजू दे. हा माडीवर टाकू. कशाला उकरायचं? आत्ता कुठं घर हसतंय.” घर हसतंय! मी आजूबाजूला बघितलं. निळ्या भिंती, पिवळा पडदा, चुन्याचे डाग पडलेली फरशी. शोभेची खोली झाली आहे खरी.

हे रात्रंदिवस माडीवरच असतात. कोर्टात जात नाहीत.

२ डिसेंबर

सव्वा महिना झाला. न्हाऊन विटाळ संपला. हमीदाआपांकडे जाऊन विचारलं, एवढ्या लहान लेकराला आगगाडीतून नेलं तर चालेल? कुठं आणि कशासाठी, ते सांगितलं. आपा जयवंताचे तळवे चोळत होत्या. थांबल्या.

“बुढी जिंदा नै रही तो?”

“तर कुणाला तरी विचारू. मुलं कुठं आहेत ते.”

आपा आत गेल्या, गरम शाल घेऊन आल्या, बाळाला कसं गुंडाळायचं ते दाखवलं. छातीशी असं. कान झाकून.

५ डिसेंबर

पाळणा सुटा करून टांग्याला बांधला आहे. नीळ घासून काढली, नावं स्वच्छ दिसतात. मामंजींनी तिकिटं आणली. सासूबाई आतून बाहेर आल्या नाहीत. जयवंता माझ्या कुशीत, शालीत. हे टांग्याशेजारी उभे, चढत नव्हते. म्हणाले, “म्हातारी असली आणि तिनं मला ओळखलं तर?”

मी सरकून जागा केली. म्हटलं, “त्यासाठीच तर चाललोय.”

चढले.