चष्मा लावून केलेली सही

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी बोलत सुटते आणि तू नुसती हं हं करतेस, मग कुणाच्याच काही लक्षात राहत नाही, अशी तुझी तक्रार असते. म्हणून हे पत्र. रात्रीची शेवटची बस बंद झाल्यापासून तुझं इकडे येणंही तुटलं, तेव्हा सगळं लिहूनच कळवते.

आपल्या छोट्या पक्षाची इथे शाखा निघणार आहे. शाखेत आसपासची गावंही येतात, म्हणजे तुमचंसुद्धा. पक्षाच्या सचिवांनी अट घातली आहे की मार्चअखेरच्या सभेत पन्नास सभासद डोळ्यांना दिसले पाहिजेत. तरच शाखेला मान्यता, आणि तरच नगरपालिकेच्या निवडणुकीला आपला उमेदवार. तो उमेदवार मी, हे तुला एकटीला सांगते. मला त्या सभागृहात जाऊन बस परत मागायची आहे. दुसरं काही डोक्यात नाही.

आणि काळजी करू नकोस, माझे ऐंशी झालेसुद्धा. आमच्या चष्म्याच्या दुकानात माणूस नंबर काढायला बसतो, हनुवटी यंत्रावर टेकवतो, कपाळ पट्टीला लावतो. मग मी काचा बदलता बदलता पक्षाचं सांगते. त्या अवस्थेत कुणाला नाही म्हणता येतं? चष्मा परत नाकावर चढायच्या आत सही होते. मालक मोठ्या पक्षाचे, पण गिऱ्हाईक टिकून आहे म्हणून गप्प आहेत. गेल्या खेपेला तुझे डोळे तपासले तेव्हा तुलाही सभासद करून घेतलंय.

तब्येतीला जप. माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हसून हसून माझी पुरेवाट झाली. म्हणजे मी पक्षात आहे तर. मला वाटलं होतं, दुकानाच्या पावतीवर सही घेतलीस. समोरचं काही दिसत नव्हतं, हनुवटी दुखत होती, म्हटलं एकदाची करावी आणि सुटावं.

आता हसणं पुरे. माझं नाव काढ. मी तुझी मावशी आहे म्हणून तुझ्या पक्षाची होत नाही. जन्मभर मत दुसरीकडे दिलंय, आणि ते का दिलं हे तू मला एकदाही विचारलं नाहीस. त्या ऐंशी जणांनाही विचारलं नसशील. ज्याला कागद दिसत नाही त्याची सही घेणं मला आवडलं नाही बाई, तू माझी कितीही लाडकी असलीस तरी. नाकावर चष्मा असताना विचार. मग किती उरतात बघ.

रागावलीस तर रागाव, पण जेवण टाकू नकोस. उत्तराची वाट बघते.
तुझी,
मावशी

२ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

हो, रागावले होते. म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. तुला चूक ठरवायला मी मुद्दाम सगळ्यांना बैठकीला बोलावलं. आले तिघे. त्यातला एक चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून आला होता, ती घट्ट करून घेऊन निघून गेला. उरलेल्या दोघांसमोर मला भाषण करावं लागलं. इतकी लाज मला शाळेत नापास झाल्यावरही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरले. तुमचं नाव काढलंय, पत्रक वाचा, पटलं तर सांगा, नाहीतर आपली ओळख आहे तशी राहील, एवढंच बोलायचं. पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एक गुरुजी तर सहीच्या दिवसापासून आमच्या दुकानाचा रस्ता टाळून लांबून जात होते.

कुलुपवाल्याने मात्र मला दारात उभं करून फैलावर घेतलं. बसचा खर्च कोण सोसणार, तुझ्या एकटीचं तिथे कोण ऐकणार, उद्या तूच फुटलीस तर काय. मला निम्म्याचीही उत्तरं आली नाहीत, आणि तसं मी सांगितलं. त्याने सही केली, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि पुढच्या घरांना माझ्याबरोबर आला. आता तोच माझ्यापेक्षा जास्त बोलतो.

एवढं करून चाळीस झालेत. दहा कमी पडतात आणि गल्ल्या संपल्या. सभा एकोणतीसला आहे. ती फसली तर उमेदवारी गेली आणि बसही. मला भीती वाटते, मावशी. तुझं नाव काढलं आहे. सोबतचं पत्रक फक्त वाचण्यासाठी आहे, दुसरा काही हेतू नाही.

कान धरलास, आता जवळही घे.
तुझी,
भिंगरी

२० मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्रक वाचलं. एक तर शुद्धलेखन सुधार. दुसरं, तुम्ही रात्री नऊची बस मागितली आहे. इथल्या शिवणकारखान्यातल्या बायका सव्वानऊला सुटतात. त्यांनी काय तुमच्या बसची धूळ बघायची? मी नऊ खोडून साडेनऊ केलं आणि कारखान्याच्या फाटकाशी त्यांना वाचून दाखवलं. तास दीड तास नुसतं भांडण चाललं. घरी पायी जाताना अंधारात कोण कुणाबरोबर चालतं, हे मला इतकी वर्षं इथे राहून त्या दिवशी कळलं. मलाच कसंतरी झालं.

तर ऐक. सभेला आम्ही बाराजणी येतोय. येताना दूधवाल्याच्या टेम्पोतून येऊ. परतीला बस नाही हे तुला माहीतच आहे, तेव्हा बाराजणींची अंथरुणं तुझ्या खोलीत घालायची आहेत. मावली नाहीत तर मालकांकडून दुकानाची किल्ली माग. सभेत साडेनऊचा मुद्दा मी स्वतः मांडणार आहे, मध्ये बोलू नकोस.

सोबत बारा अर्ज पाठवले आहेत. माझा सगळ्यात वर आहे. मत कुणाला द्यायचं ते अजून ठरवलेलं नाही, ते तुझं भाषण ऐकून ठरवीन. पण सही नीट बघून घे. चष्मा लावून, दोनदा वाचून केली आहे.

तुझी,
मावशी