लेखक: बोकोबा

३ मार्च
कॉलेजच्या लायब्ररीत लागले! काम सोपं. सरांनी सांगितलेले जर्नलमधले लेख मुलांसाठी वेबसाइटवर लावायचे. लायब्ररीच्या बाई म्हणाल्या, "फक्त लिंक लावायची. फाइल उतरवून चढवायची नाही. आपण वाचायचे पैसे भरलेत, वाटायचे नाहीत."
बरं बाई!

६ मार्च
माझ्या लिंका घरून उघडेनात. पोरं माझ्याच डोक्यावर! दादा सरांच्याच वर्गात — तो घरी येऊन वेगळा ओरडतो. बाई म्हणाल्या, "ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता चिकटवू नकोस, लॉगिनवाली लिंक वेगळी असते, ये दाखवते."
कोण बसतंय शिकत! फाइलच चढवली. सगळे खूश.
आणि चढवताना लेखकांत एक नाव घुसवलं — बोकोबा. म्हणजे लायब्ररीच्या खिडकीत लोळणारा आमचा बोका!

१४ मार्च
अजून कुणाच्या बापाला पत्ता नाही!!

२ एप्रिल
बाईंचं तोंड उतरलेलं. मी लेख चढवले तेच जर्नल बंद करणार म्हणे. जर्नलच्या कंपनीकडून आकडा आला — मुलांच्या लॉगिनवरून लेख उघडणारे शून्य. प्राचार्य म्हणाले, "कोणी वाचत नाही तर पैसे कशाला भरायचे?"
जर्नल गेलं की जुने अंकही गेले. दादाचं प्रोजेक्ट त्यांच्यावरच.
बाई सारख्या, "एकानंही उघडू नये?"
मी कपाट पुसत राहिले. वाचतात की — माझी फाइल! ती कोण मोजणार?

३ एप्रिल
दादाला फाइलचं सांगितलं. "गप्प बस, काम जाईल तुझं." पण स्वतः जेवला नाही नीट.

४ एप्रिल
सरांनी वर्गाचे निबंध लायब्ररीत ठेवायला दिले. चाळले. शेवटी संदर्भ — बोकोबा. पुढचा — बोकोबा. दादाचाही!
एरवी लोळले असते हसून.
गठ्ठा बाईंपुढे ठेवला. सगळं सांगितलं. "वाचतात बाई, हा घ्या पुरावा. हे नाव माझ्या फाइलशिवाय कुठेच नाही."
बाईंनी आधी बोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "फाइल काढ."
मग लॉगिनवाली लिंक शिकवली. चहा निवायच्या आत झालं काम.

७ एप्रिल
बाई गठ्ठा घेऊन प्राचार्यांकडे. जाताना म्हणाल्या, "फाइल चढवली होती हे कंपनीलाही आपणच कळवायचं. त्यांना बाहेरून कळलं तर सगळ्याच जर्नलांना कुलूप."
मी दाराबाहेर. आतून प्राचार्य — "हा बोकोबा कुठल्या कॉलेजचा?"

११ एप्रिल
जर्नल राहिलं. मी नाही.
निघताना बाईंनी बोका उचलून माझ्या हातात दिला. "तुझा लेखक घेऊन जा."