मोटारीतला लाल दिवा

सोमवार, पौष वद्य पंचमी

मोटारीचा डायनॅमो पुन्हा गेला. नवी बॅटरीसुद्धा उतरली. चार्जिंग होत नाही हे सांगणारा लाल दिवा आठवडाभर पेटलेला होता. आमच्या ड्रायव्हरने, सुकलालने, काय करावे? त्यावर चिकटपट्टी लावली! "आते तो दिसस का, काकू?" वर हसतो.

"घराला आग लागली तर गोधडी पांघरशील का रे?"

सुनेचे दिवस भरलेत. चिंचपाड्याचा दवाखाना लांब. कळा लागल्या आणि गाडी सुरूच झाली नाही तर?

हे गेल्यापासून तो लाल दिवा कोणी पाहतच नाही. ह्यांची रीत आठवली: गाडी उतारावर, तोंड रस्त्याकडे. डिझेलचे इंजिन, ढकलले की सुरू होते. माणसे लावून तशी उभी केली. बॅटरी पार मेलेली, गाडीचे दिवे लागायचे नाहीत, म्हणून आत कंदील ठेवला. पट्टी मीच ओरबाडून काढली.

दिवा आता पेटतही नाही.