रिकामा तुकडा

३ मार्च

चि. ठेंगूस अनेक आशीर्वाद.
तुझा तो फुटलेला तारा काय म्हणतो? मेलेल्याचा धूर मोजत बसता, धन्य आहे तुमची.
इथे सगळं ठीक. एकच गोष्ट फोनवर सांगायला जीभ रेटत नाही. दुपारी चारला तुझ्या आईच्या शिवणाच्या खोलीत कातर टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो. ती जाऊन वर्ष झालं. उठून बघतो, कुणी नसतं. भीती नाही वाटत. पण हल्ली मी चार वाजायची वाट बघतो, त्याची वाटते. काय करू?
आशीर्वाद न मागता मिळतील.
बाबा

१० मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.
हसले नाही. पण हे मनाचे खेळ आहेत. ताऱ्याच्या अवशेषाचे क्ष-किरण मोजताना आम्ही शेजारच्या रिकाम्या आकाशातले मोजून वजा करतो. उरेल ते खरं. तुम्हीही ती खोली रिकामी करा, मशीन देऊन टाका. मी आले असते, पण शोधनिबंध पाठवायचाय, मान वर करायला फुरसत नाही.
माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची ठेंगू

२ एप्रिल

ती. बाबांस सा. न. वि. वि.
खोलीला हात लावू नका. मी सपशेल चुकले. रिकामा म्हणून घेतलेला आकाशाचा तुकडा रिकामा नव्हताच. फुटण्याआधी हजारो वर्षं तारा आपलाच वायू भोवती सोडत होता. स्फोटाची लाट आता तिथवर पोचलीय आणि तो वायू अगदी मंद उजळलाय. मी ताऱ्यातून ताराच वजा करत होते. निबंध मागे घेतला.
खरं सांगू? फुरसत होती, बाबा. त्या खोलीत पाय ठेवायची हिंमत नव्हती. आणि आवाज तुम्हाला येतो, मला नाही, याचा रागही आला. सोळाला येते. चारला दोघं बसू.
रागावला असाल तरी जवळ घ्या.
ठेंगू

९ एप्रिल

चि. ठेंगूस अनेक आशीर्वाद.
तुझं मार्चमधलं पत्र आलं त्याच आठवड्यात खोली रिकामी केली. तुझा शब्द मी कधी मोडलाय? मशीन आणि कातर कोपऱ्यावरच्या शिंपिणीला दिली, भिंती रंगवल्या. आवाज थांबला. निबंध मागे घेतलास ते बरं केलंस. चुकलेली शिवण आईनं कधी गिऱ्हाइकाच्या हाती दिली नाही.
ये. खोलीत दोन खुर्च्या ठेवल्यात. मी रोज चारला बसतो, काही ऐकू येत नाही. तुला आलं तर मला सांग, लपवू नकोस.
वाट बघणारा,
बाबा