बेचक्याची काठी

एस्केल, ११ मार्च

प्रिय तीतो,

"नदी उतरायची की नाही हे काठावर उभा असलेला ठरवतो, घरी बसलेला नाही."

हे वाक्य तुला आठवतं का? तू वीस वर्षांचा होतास. स्वयंपाकघरात बसून बुटांना चरबी चोळत होतास आणि बाबा म्हणत होते की उन्हाळा कडक आहे, डोंगरावरचं बर्फ भराभर वितळतंय, यंदा जाऊ नका. तू मान वर न करता हे बोललास. मी बारा वर्षांची होते आणि मला वाटलं, जगात याहून धीट वाक्य नसेल.

कशी आहे तुझी तब्येत? ग्लादिसवहिनीचा खांदा बरा झाला का? इथे सकाळी गारठा पडायला लागलाय. सरपण आलं, पण ओलं आहे. नुसता धूर होतो. आईने प्लमचा जॅम केलाय. यावेळी साखर जास्त झाली, पण तिला सांगू नकोस. एक बाटली या पत्रासोबत पाठवतेय. फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस, जॅम तरी परत पाठवणार नाहीस असं धरून चालते.

तुझी रायेन माझ्याकडेच आहे. तू विचारणार नाहीस म्हणून मीच सांगते. जेवते, झोपते, बेकरीत कामाला जाते. रडत नाही. मला तिने एकदाही म्हटलेलं नाही की बाबांनी असं का केलं. डोंगरावरून आली त्या दिवशी आधी दोर धुतला, अंगणात वाळत घातला, मग आंघोळीला गेली. तुझीच लेक.

परवाच्या स्काउटच्या सभेत मी काय बोलले ते तुला आवडलं नाही, हे मला कळलं. सगळ्यांसमोर गळ्यातला स्कार्फ काढून टेबलावर ठेवला, तेही नाही आवडलं. माफी मागायला लिहीत नाहीये. त्या सभेत तू प्रमुख होतास आणि मी मुलांच्या तुकडीची कार्यवाह. म्हणून अर्धंच बोलले. उरलेलं अर्धं तुझ्या बहिणीचं आहे, ते इथे लिहिते.

नियम मलाही पाठ आहे. मोठ्या मुलांनी आपली आपण बेचक्याची काठी तोडायची, ती घेऊन कुणा मोठ्याशिवाय तलावापलीकडच्या चौकीपर्यंत चालत जायचं आणि यायचं. वाट पूर्ण झाली की निरोपाच्या दिवशी, ज्याला स्वतःची काठी मिळालेली आहे अशा कुणीतरी ती त्यांच्या हातात द्यायची. वाट पूर्ण नाही तर काठी नाही, हाच निकाल तू सभेत तिला दिलास. बाकीच्यांना पुढचा उन्हाळा आहे. रायेन मे महिन्यात एकवीस पूर्ण करते, मग तुकडी सुटते; तिला नाही. लहानपणापासून ती या एका सकाळची वाट बघत होती. तुझ्या शेजारी उभी राहून स्कार्फ बांधायला शिकली ती कशासाठी?

ब्लांको नदीच्या उतारावर काय झालं ते तू सभेत ओमारकडून ऐकलंस. ओमारने ते त्याच्या मुलाकडून, लाउतारोकडून ऐकलं, आणि लाउतारोला त्याची काठी हुकल्याचा राग आहे. आता माझ्याकडून ऐक. काय घडलं ते मी तिला नाही विचारलं. बाकीच्या मुलांना एकेकट्याला गाठून विचारलं.

मुलं नदीवर पोचली तेव्हा पाणी चढलेलं होतं. रायेनने तिथेच मुक्काम टाकला. पहाटे पाणी उतरेल म्हणाली. पण वर पाऊस झाला होता आणि सकाळी नदी आणखी गढूळ, आणखी रुंद. मुलांनी हात वर करून मत घेतलं. सगळे उतरायच्या बाजूने, ती एकटी नको म्हणणारी. लाउतारो पाठीवरची सॅक चढवून कमरेचा पट्टा आवळत होता. म्हणाला, "काठी न घेता घरी जायचं? आणि काय सांगायचं, पाणी ओलं होतं?"

सगळे हसले. रायेन दोरावर जाऊन बसली. खरंच बसली, तीतो, कोंबडी अंड्यांवर बसते तशी. म्हणाली, "तुकडीची म्होरकी मी आहे आणि दोर माझ्याखाली आहे. मतं तुम्ही जिंकलात. आता मला उचला."

कुणी उचललं नाही. दुपारपर्यंत ते तिला शिव्या देत होते आणि ती बसून होती. मग सगळे परत फिरले. गावात आल्यावर पोरांनी तिचं नाव 'कोंबडी' ठेवलं. ओमार सभेत म्हणाला, "तुझ्या भाचीला पायाचं बोट भिजवायची भीती वाटते." मी त्याला म्हटलं, "तुझं पोरगं आज घरी जेवायला बसलंय ना? मग गप्प जेव." तू तेव्हा घड्याळाकडे बघत होतास.

मला वाटलं होतं तू तरी तिला विचारशील, तुला कसं कळलं म्हणून. तेवढं मी तिला विचारलं. ती म्हणाली, लाउतारो पट्टा आवळताना दिसला आणि आजी आठवली. "आत्या, आजी प्रत्येक वेळी दारात माझा कमरेचा पट्टा सोडवते ना, नदीपाशी हा उघडा ठेव म्हणते. मी तिला कधी विचारलं नाही का ते. त्या दिवशी पाण्याकडे बघताना मला वाटलं, आजीला काहीतरी माहीत आहे."

हो. आजीला माहीत आहे. तुला माहीत आहे. मला माहीत आहे. त्या पोरीला एवढंच सांगितलंय की दारीओकाका डोंगरात गेला.

तेहतीस वर्षं आपण हे नाव जेवणाच्या टेबलावर आणलेलं नाही. तू आणलं नाहीस म्हणून आईने नाही आणलं, आणि आईने नाही म्हणून मी नाही. आता मी आणतेय. आपला दारीओ अठरा वर्षांचा होता. त्याच नदीत त्याचा पट्टा लागलेला होता, सॅकने त्याला खाली ओढलं. तुम्ही पाच जण पलीकडे पोचलात आणि मदतीसाठी धावत चौकीपर्यंत गेलात. चौकीपर्यंत गेलात म्हणून वाट पूर्ण झाली असं धरलं गेलं. हिवाळ्यात दारीओच्या नावाने पाचही जणांना काठ्या मिळाल्या. मी टाळ्या वाजवल्या होत्या. बाबा बाहेर उभे होते.

मी तुला दोष देत नाही. तू वीस वर्षांचा होतास, काठावर तू उभा होतास, तू ठरवलंस. पण मग तुझ्या मुलीनेही काठावर उभं राहून ठरवलं. सहाच्या सहा जणांना परत आणलं. ज्या नियमाने तेव्हा पाच जणांना काठी दिली, तोच नियम आज हिला देत नसेल, तर तो नियम मी मानत नाही. आता घरी बसलेला कोण आहे, तीतो?

रविवारी सकाळी पुलाखालच्या वाळूत मी तिचा निरोपसमारंभ करणार आहे. तुझ्या सभेची परवानगी मागणार नाही. ज्याला स्वतःची काठी मिळाली आहे त्यानेच ती द्यावी, हे मला ठाऊक आहे, आणि मला ती मिळालेली नाही. तुमच्या वेळी मुली फक्त कढईत पुऱ्या तळायच्या. मुलींना घ्यायला लागले तेव्हा माझं वय उलटून गेलं होतं. तरी मी देणार. डोंगरातल्या लेंगा झाडाची फांदी मी स्वतः तोडली आहे, बेचकं जरा वाकडं आलंय. आई येणार आहे. तिघं पोरं येतो म्हणालीत. ओमारलाही निरोप धाडलाय, त्याला हवं तर लांबून बघू दे.

ही फांदी चालेल. पण मला ती द्यायची नाहीये.

दारीओची वाहत गेलेली काठी वनरक्षकांनी खालच्या वळणावर वाळूत शोधून आणली होती. तुझ्या शेडमध्ये कुऱ्हाडीमागे ती उभी आहे. मी पाहिली आहे. तू तिला दरवर्षी तेल लावतोस, तेही पाहिलंय. बेचक्याखाली त्याने चाकूने 'डी' कोरलाय. ती काठी आजवर कुणी कुणाच्या हातात दिलेली नाही.

रविवारी ती घेऊन ये. भाषण नको. मिठी मारायची नसली तर मारू नकोस. फक्त तुझ्या हाताने ती रायेनच्या हातात दे आणि ती कुणाची होती ते तिला सांग.

तू येणार नाहीस, हे मला माहीत आहे. तरी मागतेय. मी वाळूत दुपारपर्यंत थांबेन. आपल्या घरात बसून राहणारी रायेन एकटीच नाही.

तुझी धाकटी, आणि दारीओचीही,
मारिएला