कुबातचं लहानपण

बिश्केक, ४ मे

ती. आपास, बुरूलचा सा. न. वि. वि.

कुबातदादा माझ्या खोलीवर ठीक आहे. रोज सातला डेपोत जातो, बसगाड्यांची वेळापत्रकं करतो. पण गेल्या महिन्यात तिथल्या मेकॅनिकच्या मयतीला बाकीचे पुरुष रीतीप्रमाणे मोठ्याने रडत, मयत ठेवलेल्या तंबूकडे गेले, हा मात्र दारात उभा राहिला आणि हे किती वाजता संपेल एवढंच विचारलं. साहेब म्हणाले, याला काळीज नाही. डॉक्टरांचा दाखला आण, नाहीतर घरी बस.

मी मानसशास्त्र शिकले असले तरी सख्ख्या भावाला तपासता येत नाही. म्हणून डॉक्टर झिलदीझबाई तपासताहेत. प्रश्नावलीत त्याने एकटं राहायला आवडतं असं लिहिलं, जवळचे मित्र नाहीत असंही लिहिलं. एवढ्यावरून व्यक्तिमत्त्वाचा विकार ठरवणारेही आहेत, आणि तसा दाखला गेला तर नोकरी गेलीच. बाई म्हणतात, हे अगदी लहानपणापासूनचं असेल तर ती स्वमग्नता. मग त्याच्याशी कसं वागावं तेही साहेबांना लिहून देता येईल. पण त्याच्या लहानपणाबद्दल आई म्हणून तू भरून पाठवलेल्या फॉर्मवर एकच ओळ आहे, चारचौघांसारखाच होता. मी तर तेव्हा जन्मलेही नव्हते. आपा, खरं काय ते कळव.

तुझी माया आहेच, ती राहू दे.
बुरूल

आत-बाशी, १६ मे

चि. बुरूलला अनेक आशीर्वाद.

शिकून आलीस आणि पहिली उलटतपासणी आईचीच घेतलीस. असो. फॉर्मवरचं खोटं आहे. घराण्यात काही आहे असं सरकारी कागदावर गेलं, तर तुला बघायला येणारे काय म्हणतील, हे डोक्यात होतं.

चार वर्षांचा होईतो तो बोलला नाही. हाक मारली तर वळत नसे. पाऊल टाकू लागल्यावर, पायांना काळी-पांढरी दोरी बांधून ती कापायचा आपला समारंभ केला. दोरी कापली की मूल धावतं. हा खाली बसून तिचे काळे-पांढरे पदर वेगळे करत राहिला. आजीने दोरी ओढून घेतली, तर दिवस मावळेपर्यंत किंचाळला. लोकर अंगाला लागू देत नसे.

तुझे वडील गेले तेव्हाही रडला नाही. पण चाळीस दिवस रोज त्यांचे बूट पुसून दारात ठेवत होता. काळजाचं विचारलं तर हेही सांग.

बघायला येणाऱ्यांना मी कालच सगळं सांगितलं. अर्धा चहा ठेवून उठले. रागावणार असलीस तर रागाव, पण पत्र टाक.

आपा

बिश्केक, २ जून

ती. आपास, सा. न.

उठून गेले ते बरं झालं. तुझ्यावर राग नाही.

दाखल्यावर स्वमग्नता लिहिलंय, विकार नाही. साहेबांनी दोनदा वाचला आणि दादाला कामावर ठेवलं. तुझं पत्र बाईंनी फाइलला लावून घेतलं.

शेवटी स्वभावाचा रकाना होता. बाई म्हणाल्या, स्वमग्नता म्हणजे स्वभाव नव्हे, तो वेगळा लिहायचा. त्यांनी दादालाच विचारलं. तो म्हणाला, "मी खोटं बोलत नाही. आणि ठरलेल्या वेळी पोचतो." त्यांनी तेवढंच लिहिलं आणि सही केली.

घरी सर्वांना नमस्कार, लोभ कमी करू नये.
बुरूल