पुन्हा सैल केलेले चार बोल्ट

ती. ताईस, गुडघा वाकत नसल्यामुळे कागदावरूनच साष्टांग नमस्कार. भाऊजींचा खोकला उतरला असेल. नसल्यास कुणाचं न ऐकता स्वतःच्या सवडीने जाईल, भाऊजींसारखाच.

तुझी लेक चार दिवस माझ्याकडे राहिली. यंत्रांच्या विषयात डॉक्टरेट झाली, आता सोमवारच्या आत कॉलेजात शिकवायला हो म्हणायचं की कंपनीच्या नोकरीला, एवढंच उरलं होतं. आणि कॉलेजचं खूळ तिच्या डोक्यातून काढ, अशी तुझी आज्ञा. म्हणून कारखानदारीचा थाट दाखवायला तिला एका गिऱ्हाइकाच्या बर्फाच्या कारखान्यात नेलं. तिथला कॉम्प्रेसर ठकठक करत होता. मी नेहमीप्रमाणे स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला नि मूठ कानाला लावली आणि जाहीर केलं, बेअरिंग गेलं. (माझ्या कानाच्या निकालावर आजवर कुणी अपील केलेलं नाही.) तिनेही कान लावला आणि हळूच म्हणाली, "मामा, बेअरिंग बरं आहे. पायाचे बोल्ट सैल झालेत." मी हसलो. माझ्या माणसांनी तासभर खपून यंत्र उघडलं. बेअरिंग नव्यासारखं चकचकीत.

यंत्र पुन्हा जोडल्यावर तिने चार बोल्ट आवळले, ठकठक बंद. मालक खूश, मीही खूश. म्हटलं, झालं, पोरगी कंपनीचीच. तेवढ्यात तिने पाना उचलला आणि तेच बोल्ट पुन्हा सैल केले. ताई, यंत्रं बिघडवणारे मी पुष्कळ पाहिले (काही तर मीच कामाला ठेवलेत), पण दुरुस्त झालेलं मुद्दाम बिघडवणारं माणूस पहिलंच. मालक लालबुंद. ही आपली शांतपणे एकेकाला कान लावायला सांगतेय: आता ऐका, आता आवळते, आता ऐका. आमचा म्हातारा फिटर, जो माझ्याशी 'हूं'पलीकडे बोलत नाही, त्याने तिला तीन प्रश्न विचारले. शेवटी माझी पाळी आली, आणि त्या दोन आवाजांतला फरक मला या वयात कळला. माझं चुकलं तरी सगळे "हो शेठ" म्हणत आले; या पोरीने न हसता माझा कान दुरुस्त करून दिला. तिला पाठवलंस, हे उपकार विसरणार नाही.

परतताना तिने विचारलं, "मामा, मग काय करू?" तुझी आज्ञा ओठावर होती, पण तोंडून निघालं, "कॉलेजात जा. कंपनीत बोल्ट पुन्हा सैल करू देणार नाहीत." तिने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि माझा रुमाल मागितला.

तुझा (अजून लाडका असल्यास) धाकटा

ता. क. तिचं होकाराचं पत्र मी स्वतः पेटीत टाकलं. रागवायचं ते माझ्यावर.

आणखी एक ता. क. त्या कॉलेजात कारखान्यांतल्या कामगारांसाठी शनिवारचा वर्ग असतो, आणि तो ती घेणार आहे. म्हातारा फिटर आणि मी नाव घालतोय. सातवीची गुणपत्रिका लागते, ती तुझ्या ट्रंकेत आहे. पाकीट घट्ट चिकटवून माझ्याच नावावर पाठव. सातवीत मी पहिला आलो होतो, असं तिला ती एवढीशी असल्यापासून सांगत आलोय.